हजेरी पुस्तकात उन्हाचा रकाना नाही

आमच्या धंद्यात माणूस तीन प्रकारचा असतो. पूर्ण, अर्धा आणि गैरहजर. नावापुढच्या तारखेच्या चौकटीत मी 'पू' लिहिते, 'अ' लिहिते किंवा फुली मारते. शनिवारी संध्याकाळी बेरीज करते आणि त्या बेरजेवर चुकारा होतो. नागपुरातल्या एका मध्यम ठेकेदाराकडे चौदा वर्षांपासून माझं हेच काम आहे. रेतीच्या ट्रिपा, सिमेंटची पोती, सळईचं वजन आणि मजुरांची हजेरी. बी.कॉम. झाले तेव्हा बँकेत लागायचं होतं. लागले बांधकामात.

हवामान बदल वगैरे विषयांवर बोलणारी मी कोणी नाही. पण गेल्या काही वर्षांत असं झालंय की पेपरात 'उष्णतेची लाट' वाचलं की मला आधी आठवते ती त्या महिन्याची बेरीज. म्हणून लिहून ठेवते आहे.

मे २०२४. नवतपा लागून दोन दिवस झाले होते. सूर्य रोहिणीत गेला की नऊ दिवस तापतं, ही आमच्याकडची पिढ्यांची समजूत. बेसाजवळच्या साइटवर त्या दिवशी दुसऱ्या मजल्याचा स्लॅब होता. उन्हाळ्यात स्लॅब सकाळी सहाला सुरू करायचा आणि अकराच्या आत आवरायचा असा आमचा रिवाज. त्या दिवशी मिक्सर दोनदा बंद पडला. स्लॅब अर्धवट सोडता येत नाही, सोडला तर जुन्या-नव्या मालाचा सांधा कच्चा राहतो. काम लांबत गेलं.

काँक्रीटची काळजी मात्र चोख घेतली होती. गिट्टीच्या ढिगावर ओली पोती टाकली होती आणि पाण्याच्या टाकीत बर्फाच्या लाद्या सोडल्या होत्या. आमचा साइट इंजिनियर शिस्तीचा पोरगा. ऊन चाळिसाच्या वर गेलं की काँक्रीट कसं सांभाळायचं याचं भारतीय मानक आहे, आयएस ७८६१, भाग १. १९७५ सालापासून आहे. टाकताना मालाचं तापमान ४० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, मोठं काम दिवसाच्या थंड वेळी करायचं, टाकल्यावर लगेच झाकायचं, ओलं ठेवायचं. हे सगळं त्यानेच मला एकदा समजावलं होतं, कारण बर्फाचं बिल मी अडवलं होतं. "मॅडम, माल तापला तर लवकर बसतो, भेगा पडतात. नंतरचा खर्च मोठा." मी बिल पास केलं.

सव्वा वाजता एक रेजा पाण्याच्या ड्रमला टेकून बसली. रेजा म्हणजे आमच्याकडे बांधकामावरची बाई, घमेली उचलणारी. हिला मी मावशी म्हणते, पन्नाशीची, भंडारा जिल्ह्यातली, पवनीकडची. नाव लिहीत नाही, तिनंच नको म्हटलं. आधी वाटलं दम लागला असेल. मिस्त्रीभाऊंनी हाक मारली तर म्हणाली, "म्हैस सोडली का रे? पानी दाखवलं का तिले?" म्हैस तिने तीन वर्षांपूर्वी विकली होती.

मी जाऊन हात लावला. अंग चटका बसेल असं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. घाम थांबला आणि माणूस भलतंच बोलायला लागला की ते साधं ऊन लागणं नसतं, हे मला माहीत होतं ते भिंतीवरच्या पोस्टरमुळे. महापालिकेचं ते पोस्टर मीच चिकटवलं होतं. तिला सावलीत आडवं केलं, लुगडं सैल केलं आणि टाकीतला बर्फ काढून काखेत, मानेला, जांघेत लावला. काँक्रीटसाठी आणलेला बर्फ. इंजिनियर काही बोलला नाही, उलट स्वतः बादल्या ओतायला लागला. मग ऑटोतून दवाखाना.

वाचली. डॉक्टर म्हणाले, थंड करून आणलंत म्हणून बरं झालं.

संध्याकाळी साइटवर परत आले आणि पुस्तक उघडलं. सकाळी सहा ते सव्वा वाजेपर्यंत तिने काम केलं होतं. नियमाने दुपारनंतर नाही म्हणजे अर्धा. मी 'अ' लिहिलं. सवयीने. घरी जाऊन भात कुकरला लावताना लक्षात आलं की काय लिहिलं ते. दुसऱ्या दिवशी खोडून 'पू' केलं, पण ते 'अ' खालून अजून दिसतं.

आता हिशेब. रेजेची रोजी तेव्हा ४५० रुपये होती. मावशी २८ मेपासून २० जूनपर्यंत कामावर नव्हती. रविवार सोडून २१ दिवस झाले. ९,४५० रुपये बुडाले. दवाखान्याचे साडेसहा हजार, त्यातले तीन आमच्या ठेकेदार साहेबांनी दिले, बाकीचे तिने बचत गटातून उचलले. म्हणजे एका दुपारीची किंमत तेरा हजारांच्या आसपास. तिच्या पवनीकडच्या दीड एकर धानात चांगल्या साली सगळा खर्च जाऊन जे हातात उरतं, त्यातलं बरंच त्या दुपारीने खाल्लं.

पण ही गोष्ट मोठी म्हणून लक्षात राहते. मला जास्त अस्वस्थ करतो तो दुसऱ्या एका रेजेचा मे महिना. ही पडली नाही, दवाखान्यात गेली नाही, तिचं काही 'झालं' नाही. मे २०२४ मध्ये चार रविवार सोडून कामाचे दिवस २७. तिचे पूर्ण १४, अर्धे ६, गैरहजर ७. म्हणजे १७ दिवसांचे पैसे, ७,६५० रुपये. सगळे दिवस भरले असते तर १२,१५०. साडेचार हजार कमी. त्याच वर्षी जानेवारीतही रविवार वगळून २७ दिवस होते आणि त्यातले तिने २६ भरले होते. बाई तीच आणि रोजीही तीच. फुल्यांपुढे कारण लिहायची पद्धत नाही. विचारलं तर म्हणायची, "काई नाही ताई, डोकं धरलं होतं." किंवा "पोराले हगवण लागली." किंवा "रातभर झोप नाही जी, सकाळी उठवलंच नाही." तीनही ऊनच आहे, वेगवेगळ्या नावांनी आलेलं.

त्या मे महिन्यात माझा पगार मात्र नेहमीएवढाच झाला. मी दोन दिवस घरी होते, डोकंच दुखत होतं, तर ती माझी 'रजा' झाली.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ सालचा अंदाज आहे की २०३० मध्ये उष्णतेपायी भारतातले ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांएवढं काम. सगळ्यात जास्त फटका शेतीला आणि बांधकामाला. मी आकड्यांतलीच बाई, त्यामुळे ५.८ हा आकडा मला फार सभ्य वाटला. सरासरी सभ्यच असते. माझे शून्य टक्के आणि त्या रेजेचे मे महिन्यातले सदतीस टक्के एका पिशवीत घालून हलवले की असं काहीतरी बाहेर पडतं.

त्या उन्हाळ्यात मी बर्डीच्या बाजारातून साडेतीनशे रुपयांचं डिजिटल थर्मामीटर आणलं. घरचे हसले. एकाच साइटवर दुपारी तीन वाजता तीन ठिकाणी लावून बघितलं. साहेबांच्या केबिनमध्ये एसी, २६. माझ्या ऑफिसात, म्हणजे पत्र्याच्या कंटेनरात, कूलरसमोर ३४. मजुरांच्या टिनाच्या शेडात ४६. मधलं अंतर चाळीस पावलं असेल.

रात्रीचं मोजमाप मात्र मी समजत होते तसं निघालं नाही. टिन लवकर तापतं, तसं लवकर निवतंही. माझं घर म्हाळगीनगरात, वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडा स्लॅब. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. बारा वाजता माझ्या बेडरूममध्ये शेडापेक्षा जास्त तापमान होतं. मला क्षणभर वाटलं, चला, इथं तरी बरोबरी आहे. मग मावशीने सांगितलं की शेड निवलं तरी बायकांना त्याचा उपयोग नसतो. पुरुष बाहेर खाटा टाकून, रेतीच्या ढिगावर, कुठेही झोपतात. बाया आणि वयात आलेल्या पोरी दार लावून आत. आत चार बिऱ्हाडांचा स्वयंपाक झालेला, खिडकी नाही. "बाहीर झोपाले कोनाले भेव नाही वाटत ताई? तुमीच सांगा."

माझ्याकडे कूलर आहे. रात्रभर चालतो. फेब्रुवारीत नऊशे रुपये येणारं बिल मेमध्ये तीन हजारांच्या वर जातं आणि आमच्या घरात त्यावर दरवर्षी एक भांडण ठरलेलं. मावशीची लेक वस्तीत भाड्याने राहते, तिच्याकडे स्वतःचं मीटर नाही. घरमालक पंख्याचे तीनशे आणि कूलरचे आठशे असे महिन्याचे ठोक घेतो. जुनाट लोखंडी कूलर, अर्थिंगचा पत्ता नाही. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात येते आणि ती पाचव्या पानावर असते. शिवाय कूलर फक्त कोरड्या हवेत चालतो. जूनमध्ये ढग भरले, हवेत दमटपणा आला की तो नुसता ओला वारा फेकतो. तेव्हा ज्याच्याकडे एसी आहे तो वाचला. बाकीचे सगळे, मीसुद्धा, मावशीच्या पंगतीत.

त्यात आणखी एक गंमत. कोराडी, खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रं आमच्या शहराच्या उशाला, चंद्रपूरचं अजस्र केंद्र दक्षिणेला. राज्यभरच्या एसींना लागणारी बरीच वीज इथल्या कोळशावर बनते. राख इथे, धूर इथे, आणि उन्हाळाही इथलाच. गंमत म्हटलं खरं, पण कोराडीजवळ राहणाऱ्या माझ्या नणंदेला हे ऐकवलं तर ती हसत नाही. तिच्या अंगणातल्या तुळशीवर रोज राख असते.

आजारांबद्दल बोलायला आमच्याकडे संकोच आहे, त्यामुळे एक गोष्ट बरीच वर्षं मला कळलीच नाही. उन्हाळ्यात रेजा पाणी पीत नाहीत. माठ भरलेला असतो, मी स्वतः भरून घेते, तरी पीत नाहीत. कारण साइटवर बायकांना जायला जागा नाही. पुरुष भिंतीमागे जातात. बाया सकाळी अंधारात जाऊन येतात ते थेट संध्याकाळी. पाणी प्यायलं तर जावं लागेल, म्हणून घोटभर पिऊन राहायचं. मग उन्हाळी लागते. आपल्या भाषेत लघवीच्या जळजळीला उन्हाळीच म्हणतात, ऋतूचंच नाव रोगाला दिलंय. धने-जिऱ्याचं पाणी प्या, सब्जा घ्या, हे उपाय आपल्याला पाठ असतात. पण दहा-दहा उन्हाळे असेच काढले की मूत्रपिंडाचं काय होतं ते मावशीच्या रक्ताच्या रिपोर्टात दिसलं. क्रिएटिनिन वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, रोज किती पाणी पिता? ती माझ्याकडे बघायला लागली.

साहेबांशी मी आयुष्यात दोनदाच भांडले. एकदा प्रॉव्हिडंट फंडावरून आणि एकदा संडासावरून. संडास झाला. पत्र्याचा आहे, दुपारी आत जाववत नाही, पण आहे.

तिच्या डिस्चार्जच्या कागदावर 'ताप, अशक्तपणा, पाण्याची कमतरता' असं लिहिलेलं होतं. उष्माघात हा शब्द नव्हता. मी त्यावर वाद घातला नाही, तेव्हा ती घरी येते आहे हेच पुष्कळ होतं. पण कागदावर शब्द नाही म्हणजे मोजणीतही ती नाही. ती गेली असती तरी कदाचित नसतीच. अहमदाबादेत मे २०१० मध्ये मोठी लाट आली होती. त्या महिन्यातल्या सगळ्या मृत्यूंची नंतर आजूबाजूच्या वर्षांशी तुलना केली तेव्हा नेहमीपेक्षा १,३४४ माणसं जास्त मेलेली निघाली. कागदांवर हृदयविकार, ताप, म्हातारपण, जे असेल ते. त्या मोजणीतूनच २०१३ मध्ये त्यांचा उष्णता कृती आराखडा आला आणि मग आपल्या नागपूरसह इतर शहरांनी तो रस्ता धरला. माझं ते पोस्टर त्याच रस्त्याने माझ्या भिंतीपर्यंत आलं. सिग्नलवरच्या हिरव्या जाळ्याही आल्या. जाळीखाली गाडीवाला दीड मिनिट थांबतो. त्या जाळीचे खांब रोवायला ज्यांनी भर उन्हात खड्डे खणले त्यांचा विचार करून मला तिथे उगाच ओशाळायला होतं.

आणि भरपाई? २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राने आपत्ती निवारण निधीची जी यादी धरली, तिच्यात बारा आपत्ती होत्या. दुष्काळ, पूर, गारपीट, भूकंप, ढगफुटी, हिमस्खलन, कीड. थंडीची लाट होती. उष्णतेची नव्हती. राज्याला वाटलं तर स्वतःच्या निधीतल्या दहा टक्क्यांपर्यंत पैसे स्थानिक आपत्तीसाठी वापरता येत होते. मी ही यादी दोनदा वाचली, मला वाटलं माझीच नजर चुकते आहे.

भाऊ काटोलला असतो. संत्र्याची बाग आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चढला की आंबिया बहाराची लहान फळं गळतात, झाडाखाली हिरव्या गोट्यांचा सडा. पूर्वीही गळायची, पण आता भाऊ मे आला की सकाळी बागेत जायलाच घाबरतो. तरी त्याच्यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. ठरलेल्या दिवसांत तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की भरपाई, कोणी पंचनामा करायला यायची गरज नाही, जवळच्या केंद्राची नोंद पुरते. पैसे उशिरा येतात, कमी येतात, भाऊ शिव्या घालतो, ते सगळं खरं. पण त्यातली कल्पना माझ्या मनाला लागली. संत्र्याला ऊन लागलं हे सिद्ध करावं लागत नाही. मी भावाला म्हटलं, तुझ्या बागेत निंदायला येणाऱ्या बायांचं काय? तो म्हणाला, "त्यांना मी सात ते अकरा बोलावतो." आणि रोजी? "अर्धीच ना."

बायांसाठीही असं काही होऊ शकतं हे नंतर वाचनात आलं. गुजरातेतली 'सेवा' ही कष्टकरी स्त्रियांची संघटना. २०२४ च्या उन्हाळ्यात तिच्या गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५० हजार सभासद बायांना असं संरक्षण होतं. पारा ठरलेल्या आकड्यावर गेला की खात्यात पैसे, आधी ४०० रुपये. चारशे म्हणजे आमच्या रेजेची एक रोजीही नाही. हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एवढ्याने काय होतं?" मी मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे एक दिवस घरी रायलो तरी चालते." दोघं एकाच रकमेबद्दल बोलत होते.

साहेबांवर मी राग काढते आहे असं वाटेल, तसं नाही. मावशी पडल्यावर त्यांनीच कामाची वेळ बदलली. सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चार ते सात. मधे सुट्टी, पण रोजी पूर्ण. मला वाटलं प्रश्न मिटला. पहिल्याच आठवड्यात सहाच्या हजेरीत पुरुष सगळे आणि रेजा निम्म्या. वस्तीत टँकर सकाळी साडेसहाला येतो, कधी सातला. रांगेत बाईच उभी राहते. आठला आली तर आधीच अर्धा दिवस गेला, अर्ध्यासाठी येऊन काय करायचं म्हणून येतच नाही. उन्हापासून वाचवायला केलेल्या वेळेने बायांच्याच फुल्या वाढल्या. मग ठिय्यावरून, म्हणजे मजूर कामासाठी उभे राहतात त्या नाक्यावरून, रोजचे नवे मजूर आणायला लागले, आणि ठिय्यावर सहाला उभे असतात ते बहुतेक पुरुष. दोन रेजांनी त्या महिन्यात बांधकाम सोडून धुणीभांडी धरली. सावलीतलं काम, पैसे कमी.

इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असली तर थोडा आधार मिळतो. तेव्हाचा कायदा १९९६ चा. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो ठेकेदार देतो, म्हणजे मी टाइप करते. आमच्याकडे वर्षभर असलेल्यांचे दाखले सरळ होतात. पण ज्या होळीनंतर येतात आणि मृगाला रोवणीसाठी गावी परततात, त्यांचे नव्वद दिवस नेमके उन्हाळ्यात पडतात. ज्या महिन्यांत फुल्या सगळ्यात जास्त, त्याच महिन्यांत नव्वद भरायचे. मावशीचे त्या वर्षी भरले नाहीत. मी भरवले. कसे ते विचारू नका.

आणि रोवणीसाठी ती परत जाते तिथे काही थंडावा नाही. पाऊस लांबला की रोवणी लांबते आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडतात. नको तेव्हा कोसळला की कापलेलं धान बांधीत भिजतं. शेत पुरेनासं झालं म्हणूनच तर ती वयाच्या पन्नाशीत स्लॅबवर घमेली वाहते. गावातल्या हवेने तिला शहरात ढकललं आणि शहरातल्या हवेने ड्रमला टेकवलं. मधे एसटीचं तिकीट, महिलांना अर्धं.

त्याच मे महिन्यातल्या ३० तारखेची गोष्ट. रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश नोंदवले. सगळ्या देशात बातमी, माझ्या फोनवर पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे मेसेज, जिवंत आहेस ना. मागाहून हवामान खात्याने सांगितलं की यंत्राच्या सेन्सरमध्ये बिघाड होता, शहरातल्या बाकी ठिकाणी तापमान ४४ च्या आसपास होतं. साहेबांनी मोठ्याने हसून मिस्त्रीभाऊंना सांगितलं, ते ५६ खोटं निघालं. मिस्त्रीभाऊ सळई बांधत होते. हाताला ओलं फडकं गुंडाळलं होतं, कारण सळई नुसत्या हाताने धरवत नव्हती. म्हणाले, "हो का? आमाले तर खरंच वाटलं होतं."

२०२४ हे वर्ष भारतात १९०१ पासूनच्या नोंदींतलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं. वर्ष संपल्यावर ती बातमी आली तेव्हा मी नवीन हजेरी पुस्तक आखत होते. पुस्तक छापील मिळतं, पण शेवटचे दोन रकाने मी नेहमी हाताने आखते, एक उचल आणि एक शेरा. या वेळी अजून एक आखला, पेन्सिलीने. वर फक्त 'ऊ' लिहिलं. ज्या दिवशी बाहेर पारा ४४ च्या वर आणि माणूस अर्धा किंवा गैरहजर, त्या दिवसाची तिथे रेघ.

साहेबांच्या नजरेतून पेन्सिलीची रेघही सुटत नाही. "हे काय?" मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. "याचे पैसे कोण देणार? टेंडरमध्ये आयटम दाखवा मला. मी कोणत्या बिलात लावू?" त्यांचंही खरं आहे. पावसाने काम थांबलं तर मुदतवाढीचा अर्ज कसा लिहायचा ते मला तोंडपाठ आहे. उन्हासाठी मी आजवर एकही अर्ज लिहिलेला नाही. "पैशाचं नाही म्हणत साहेब," मी म्हटलं, "नुसतं लिहिते आहे." "मग लिहा," म्हणाले आणि उठून गेले. जाताना दार उघडं ठेवलं, केबिनची थंड हवा थोडी इकडे आली.

मग २०२५ चा मे आला आणि माझा रकाना तोंडघशी पडला. महाराष्ट्रात मे महिन्यातच पाऊस. मुंबईत तर २६ मे ला मान्सून दाखल, इतक्या लवकर कधी आला नव्हता. आमच्याकडे नवतप्यात लोक छत्र्या शोधत होते. मी खूश होते. साइटवर चिखल, पायाच्या खड्ड्यात पाणी भरलेलं, सेंट्रिंगची फळी फुगलेली. साहेबांनी लगेच मुदतवाढीचा अर्ज लिहायला सांगितला, मी लिहिला, एका दमात. महिनाअखेर बेरीज केली तर रेजांचे दिवस पुन्हा अठरा-एकोणीस. या वेळी फुल्या पावसाच्या. भावाच्या बागेत वेगळंच रडगाणं. जूनमध्ये पाऊस अडला, ऊन परत आलं आणि वर दमट हवा. कूलर हरला.

मावशी त्या वर्षी आली ती जूनच्या सुरुवातीला. रोवणीला पाऊस नव्हता, म्हणून गावात बसून काय करायचं. डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलंय, म्हणून तिला मी खाली पाणी मारायच्या कामावर घेतलं, रोजी पन्नास रुपयांनी कमी. शनिवारी चुकाऱ्याला माझ्या टेबलाशी उभी राहिली. वाचता येत नाही, पण पुस्तकातल्या खुणा तिला चांगल्या कळतात. पेन्सिलीच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिवता जी नवीन?"

म्हटलं, उन्हाने बुडालेले दिवस.

"पैसे भेटतीन?"

नाही म्हटलं.

तिने मान हलवली, चारशेच्या हिशेबाने नोटा मोजल्या, लुगड्याच्या गाठीत बांधल्या. दोन पावलं गेली आणि वळली.

"मागच्या सालचं पुस्तक हाये नं तुमच्याजवळ? त्यातबी लिवा मंग."

ते पुस्तक कपाटात आहे. काढून बघितलं. शेवटच्या पानावर जागा नाही, पण समासात पेन्सिल चालेल.